हैबतीची पाच माणसं

पोलादपूरच्या वर, घाटाच्या अंगाला, भेकरकोंड नावाची वाडी आहे. घरं थोडी, आणि त्या घरांतली निम्मी माणसं मुंबईला. समोर दरी, दरीपलीकडे सडेकोंड, त्याच्या पलीकडे आणखी एक दरी, आणि मग कुठे पोलादपूरकडे उतरणारी वाट. एका कोंडातून, म्हणजे वाडीतून, दुसऱ्यात चालत जायचं तर खाली उतरून पुन्हा वर चढेपर्यंत अर्धा दिवस मोडतो. आवाज मात्र तंबाखू मळून होईपर्यंत पोचतो. म्हणून इथली माणसं आधी आवाज धाडतात आणि मग पायताण शोधतात.

त्याला कुकारा म्हणतात. कुणी मेलं, कुणी बाईमाणूस अडलं, ढोर कड्यावरून घसरलं, रान पेटलं, की डोंगराच्या सोंडेवर जाऊन कुकारा घालायचा. ऐकेल त्याने हातातलं काम टाकून तो पुढच्या कोंडाला द्यायचा. ज्याच्याशी बांधावरून उभा दावा आहे त्याचाही द्यायचा. आणि सगळ्यात मोठा नियम असा, की आला तसा द्यायचा. त्यात पदरचं घातलं तर हाळी मोडली म्हणत, आणि हाळी मोडणं हे देवळातली घंटा चोरण्यापेक्षा वाईट समजलं जाई. घंटा दुसरी आणता येते.

भेकरकोंडच्या सोंडेवर घर होतं हैबतीचं. बापाच्या मागे कुकाऱ्याचं काम त्याच्याकडे आलं. देवाने हैबतीला आवाज दोन माणसांचा दिला आणि धीर अर्ध्या माणसाचाही दिला नाही. आलेली बातमी जशीच्या तशी पुढे देणं त्याच्या जिवावर येई. मीठ न घातलेली आमटी पाहुण्याच्या पानात वाढल्यासारखं त्याला वाटे.

एकदा सडेकोंडवरून कुकारा आला की, प्रयागबाईचा मुलगा शनिवारी मुंबईहून येतोय. सडेकोंडचा कुकारेवाला होता भागोजी, आणि भागोजी म्हणजे नियमाचा पक्का. आलं तेवढं त्याने दिलं. हैबतीने ते वाडीत पोचवताना म्हटलं, "प्रयागकाकी, पोरगा येतोय, आणि कंपनीच्या सायबाला घेऊन येतोय!" बाईने अंगण सारवलं, तुळशीला गेरू लावला, सायबाला बसायला म्हणून कुणाकडून तरी खुर्ची आणवली आणि कोंबडा कापला. शनिवारी मुलगा आला तो गालगुंड झालेलं तोंड फडक्यात बांधून, एकटाच.

"मेल्या, सायब कुठाय?" प्रयागबाईने हैबतीला धरलं.

"अगो काकी, नुसता पोरगा येतोय म्हटलं असतं तर कोंबडा कापला असतास तू? बघ, बिचारा कसा वाळलाय." असं म्हणून हैबती पंगतीला बसला, आणि मुलाला चावता येत नव्हतं म्हणून त्याच्या वाटणीचंही त्यानेच संपवलं.

अशा गोष्टींवर वाडी हसे. हसणाऱ्यांनीच त्याला बिघडवलं म्हणायला हरकत नाही. पण एके दिवशी कुशाबाचा बैल कपारीत घसरला.

कुशाबा म्हणजे गावकीतलं वजनदार माणूस. बोलणं मोजकं, मिशा भरघोस. त्याचा ढवळ्या कड्याच्या कडेला चरताना पाय सटकून खालच्या कपारीत जाऊन अडकला. वाडीतली माणसं त्या दिवशी बाजाराला गेलेली. कुशाबाने वरून हैबतीला ओरडून सांगितलं, "ढवळ्या अडकलाय! माणसं धाड, दोर धाड!" हैबती सोंडेवर धावला. धावता धावता त्याच्या डोक्यात विचार आला, की बैलासाठी कोण येणार? चार जण येतील, तेही विडी संपवून. कुशाबासाठी मात्र सगळा सडेकोंड येईल. विचार तसा वाईट नव्हता. त्याने कुकारा घातला, "कुशाबा कड्यावरनं कोसळलाऽऽ, समदे याऽऽ!" आणि त्या भरात दोराचं सांगायचं राहून गेलं.

भागोजीने ऐकलं तसं पुढे दिलं. सडेकोंडची माणसं शहाणी. त्या कड्यावरून पडलेला आजवर कुणी उठून बसला नव्हता. त्यांनी दोन बांबू घेतले, गवत घेतलं, मडकं घेतलं, जळणाच्या मोळ्या घेतल्या. मेलेल्याला घाई नसते, म्हणून सावकाश आली. बायका दरी चढतानाच रडायला लागल्या होत्या. वर येऊन बघतात तर कुशाबा कड्यावर पोटावर पालथा पडून ढवळ्याचं शिंग धरून राहिलेला, हैबती कुशाबाचे पाय धरून बसलेला, आणि एवढ्या माणसांत दोर म्हणजे काय, तर तिरडी बांधायची सुतळी. वाडीतून दोर आणायला माणूस पळाला, तो परत येईपर्यंत ढवळ्याचा पाय सुटला आणि तो खाली दरीत गेला.

कुशाबा उठला. आपल्यासाठी आणलेले बांबू त्याने बघितले, मडकं बघितलं, आणि हैबतीकडे बघितलं. मग अंगावरची माती झटकून तो वाडीकडे चालू लागला. त्याने शिव्या घातल्या असत्या तर हैबतीला बरं वाटलं असतं.

गावकी बसली तेव्हा मात्र तो बोलला. "याचा कुकारा आजपासनं कुणी पुढं न्यायचा नाय."

"तो मेला तरी नाय?" कुणीतरी विचारलं.

"तो मेला तर कुकारा घालाया तोच येणार हाय व्हय?" कुशाबा म्हणाला, आणि त्यावर कुणालाच हसू आलं नाही. मग तो हैबतीकडे वळला. "ऐकलेलं जसंच्या तसं पुढं देशील, त्या दिवशी माझ्याकडं ये. मी ऐकीन. तोवर तुझं घर मुकं."

मुकं घर म्हणजे काय ते हैबतीच्या बायकोला, तुळसाला, त्याच रात्री कळलं. तिचं माहेर सडेकोंडला. दरीपलीकडे आईच्या घरातला दिवा तिला दिसत होता. ती म्हणाली, "उद्या मी अडले, मला रानात जनावराचं पान लागलं, तर तुमी सोंडेवर बोंबलाल आणि भागोजी कानावर हात ठेवंल. माझ्या आयला कोण सांगंल वो?" सकाळी हैबतीने वळकटी बांधली आणि मुंबईची वाट धरली.

त्याचा चुलतभाऊ भिकू मुंबईला गोदीत होता. त्याच्या ओळखीने हैबती एका मालवाहू आगबोटीवर खलाशी म्हणून चढला. समुद्र म्हणजे त्याला महाडच्या बंदरावरची खाडी तेवढी माहीत होती, जिथे भरतीबरोबर कौलांची आणि मिठाची गलबतं येत. तेवढ्या माहितीवर तो कोचीनपर्यंत ओकत गेला. पोट सावरल्यावर त्याची जीभही सावरली. तो डेकवर बोलायला लागला की बाकीचे खलाशी हातातलं काम सोडून ऐकत बसत. शेवटी सारंगाने, म्हणजे खलाशांच्या मुकादमाने, वैतागून त्याला तारेच्या खोलीकडे पिटाळलं. झाडलोट कर, सायबाला चहा दे आणि तोंड मिटून ठेव, असा हुकूम झाला.

तारेच्या खोलीतले साहेब होते परचुरे, पुण्याचे. चहा बिनसाखरेचा, आवाज हळू, आणि कपाळावर एक आठी कायमची. कानाला यंत्र लावून ते दिवसभर किटकिट ऐकत आणि तशीच किटकिट परत पाठवत. हैबतीची नजर पहिल्याच दिवशी भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली. त्याच्या तबकडीवर दोन ठिकाणी लाल पट्टे होते.

"सायब, घड्याळाला कुंकू कशापायी?"

परचुऱ्यांनी बोट ओठांवर ठेवलं. काटा लाल पट्ट्यात शिरला होता. तो बाहेर पडेपर्यंत त्यांनी ना हात हलवला ना डोळा. मग म्हणाले, "दर अर्ध्या तासाला तीन मिनिटं सगळ्या समुद्रांवरच्या सगळ्या बोटी गप्प बसतात. नुसतं ऐकतात. कुणी संकटात असेल आणि त्याचा आवाज क्षीण असेल, तर या गोंगाटात तो बुडून जाईल, म्हणून."

"सगळ्या बोटी? गोऱ्यांच्या बी?"

"सगळ्या. आणि ज्याला ऐकू येईल त्याने तो संदेश पुढे द्यायचा. किनाऱ्यापर्यंत पोचला नसेल, तर एका बोटीने दुसरीला, दुसरीने तिसरीला."

हैबती मोठ्याने हसला. "आयला, सायब, हा तर आमचा कुकारा! तुमच्या लोकांला कुणी सांगितला?"

मग परचुऱ्यांना सगळा कुकारा ऐकावा लागला, भेकरकोंडपासून सडेकोंडपर्यंत. फक्त ढवळ्याचं तेवढं हैबतीने सांगितलं नाही. शेवटी त्याने हळूच विचारलं, "आणि मधल्यानं जरा तिखटमीठ लावलं तर?"

"एक अक्षरही वाढवायचं नाही आणि गाळायचंही नाही," परचुरे म्हणाले. "बुडालेले दोन असताना तू वीस सांगितलेस, तर दोन सापडल्यावरही लोक उरलेले अठरा शोधत फिरतील. भर वादळात, जे मुळात नाहीतच ते अठरा. आणि मग शोधणारे बुडतील."

हैबती त्या दिवशी चहाची किटली घासत बराच वेळ बसला होता. पण मूळ स्वभाव जातो कुठे? त्याने खाली भटारखान्यात जाऊन सांगितलं की, परचुरेसाहेब मोठे सत्पुरुष आहेत, दर अर्ध्या तासाला तीन मिनिटं समाधी लावतात, तेव्हा त्यांच्या दारावरून पायताण घालून गेलं की बोटीला अपशकुन होतो. आठवडाभरात खलाशी तारेच्या खोलीवरून अनवाणी जायला लागले. एकदा कोचीनला कुणीतरी दारात नारळ ठेवला. परचुऱ्यांना त्याचा अर्थ कधीच लागला नाही. नारळाची चटणी हैबतीने केली आणि साहेबांनी ती आवडीने खाल्ली.

असं वर्ष गेलं. वैशाख सरत आला होता. बोट कोचीनहून मुंबईला परत निघाली होती, रत्नागिरीच्या आसपास होती. आभाळ शिशाच्या रंगाचं, वारा दक्षिणेकडून चढणारा. किनाऱ्याच्या कडेकडेने मंगलोरी कौलांनी भरलेली गलबतं पावसाळ्याआधी घर गाठायच्या घाईत चालली होती. सकाळी हैबती चहा घेऊन आत शिरला तेव्हा काटा लाल पट्ट्यात होता, म्हणून तो समाधीला मान देऊन उभा राहिला. परचुऱ्यांचा हात एकदम कागदावर पळायला लागला.

किनाऱ्याजवळ एका लहानशा आगबोटीचं इंजिन बंद पडलं होतं. वाऱ्याने ती खडकांवर नेऊन आपटली होती, आणि तिच्यावरची माणसं होडीत उतरत होती. तिची बॅटरी मरायला टेकलेली, त्यामुळे तिची हाक किनाऱ्याला गेलीच नाही. लहरींचा काही नेम नसतो, जवळ मुक्या आणि लांब बोलक्या; ती ऐकली लांब, एडनकडे चाललेल्या कुठल्याशा परक्या बोटीने. त्या बोटीने ती जशीच्या तशी पुढे दिली, ती परचुऱ्यांच्या कानात आली, आणि परचुऱ्यांनी पुन्हा जशीच्या तशी मुंबईला आणि भोवतालच्या सगळ्या बोटींना दिली. मग ते कागद घेऊन कप्तानाकडे धावले. परचुरे धावताना कुणी बघितले नव्हते. त्यामुळे काहीतरी भयंकर आहे एवढं सगळ्यांना कळलं.

कप्तानाने बोट किनाऱ्याकडे वळवली, पण खडकांच्या बाजूला पाणी उथळ होतं. मोठी बोट काही हद्दीपलीकडे जाईना. त्या उथळ पाण्यात सहज जाऊ शकतील अशी तीन गलबतं समोर होती, पण गलबतांवर तारेचं यंत्र कुठलं? कप्तानाने भोंगा वाजवला. गलबतवाल्यांना वाटलं, आगबोट वाट मागतेय. ते बिचारे शिडं ओढून आणखी लांब सरायला लागले. सारंगाने कर्णा तोंडाला लावून ओरडून बघितलं, पण कर्ण्यातून शब्द असे फुटके बाहेर पडत की जवळच्या खलाशालाही कळेनात.

"त्या बोंबल्याला बोलवा," सारंग म्हणाला. "मी त्याला गप बस म्हणतो तरी त्याचं मला बोटीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू येतं."

परचुऱ्यांनी हैबतीला पुढच्या टोकाला नेऊन उभं केलं आणि कागदावरचं वाचून दाखवलं. "पाच माणसं. एक होडी. खडकाच्या दक्षिणेला. एवढंच."

"सायब, काय आणायचं ते नाय सांगितलं?" हैबतीने विचारलं. दोराची आठवण त्याच्या मनातून गेली नव्हती.

"जेवढं आलं तेवढंच."

हैबतीने दोन्ही तळवे तोंडाशी धरले. आणि नेमक्या त्या क्षणाला त्याच्या जिभेला जुनी खाज सुटली. पाच? पाच माणसांसाठी कौलांनी भरलेलं गलबत या वाऱ्यात कोण मागे फिरवणार? पन्नास म्हटलं तर तिन्ही फिरतील. पन्नास अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात त्याला दरी चढून येणारी माणसं दिसली, खांद्यावर मोळ्या, हातात मडकं, आणि एकाच्याही हातात दोर नाही. ढवळ्याचं ते शेवटचं हंबरणं आठवलं. ओठांवरचं पन्नास गिळून त्याने कुकारा घातला.

"पाऽऽच माणसं होऽऽ! होडी एऽऽक! खडकाच्या दखणेऽऽला!"

आवाज गेला आणि संपला. हैबती घाबरला. डोंगरात कुकारा घातला की समोरचा कडा तो परत देतो, निदान गेला एवढं तरी कळतं. इथे समोर कडाच नव्हता. जन्मात पहिल्यांदा त्याचा आवाज त्याच्याकडे परत आला नाही. कड्याने दिला नाही तर माणसाने तरी द्यावा, म्हणून तो कान लावून थांबला. काहीच येईना. त्याने पुन्हा घातला, आणि तिसऱ्यांदा घातला तेव्हा त्याच्या डोळ्यांना पाणी होतं, कारण त्याची खात्री झाली होती की कुशाबाची बंदी समुद्रालाही लागू आहे.

आणि मग सगळ्यात जवळच्या गलबतावरून आलं, "पाऽऽच माणसं होऽऽ! होडी एऽऽक!"

त्या गलबताचा तांडेल बाणकोटचा होता. वर्षानुवर्षं सावित्रीच्या खाडीतून महाडला माल नेणारा माणूस. बाजाराच्या दिवशी बंदरावर उतरणाऱ्या डोंगरी माणसांचे कुकारे त्याने कितीदा ऐकलेले. भोंगा त्याला कळला नव्हता, कर्णा कळला नव्हता, पण महाड-पोलादपूरकडचा कुकारा ऐकून तो ताडकन उभा राहिला. असा आवाज माणूस उगीच काढत नाही, हे त्याला ठाऊक होतं. त्याने तो दुसऱ्या गलबताला दिला. दुसऱ्याने तिसऱ्याला दिला. वाऱ्यावरून अगदी पुसट ऐकू आलं तरी पाचाचे पाचच होते. शिडं फिरली.

हैबती कठड्याला धरून रडला. परचुऱ्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "चहा निवला असेल. दुसरा आण." पुण्याच्या माणसाचं एवढं म्हणणं म्हणजे पुष्कळ झालं.

खडकाच्या दक्षिणेला एक होडी सापडली. होडीत पाच माणसं होती, भिजलेली आणि जिवंत. ती मिळताच तिन्ही गलबतं थेट खाडीत शिरली, कारण शोधायला आणखी कुणी नव्हतं. आणि ती आत शिरल्यावर थोड्याच वेळात वारा असा सुटला की आगबोटीवरच्या माणसांनाही देव आठवले. हैबतीने परचुऱ्यांकडे बघितलं. नसलेली पंचेचाळीस माणसं शोधत ती गलबतं आत्ता कुठे असती, हे दोघांनाही कळत होतं.

गौरीगणपतीला हैबती गावी आला. देवळाच्या पारावर सगळी वाडी गोळा झाली. वर्षभर तोंडाला चव नव्हती लोकांच्या. आता हैबती समुद्रातल्या गोष्टी सांगणार म्हणून म्हाताऱ्यांनी पानं जुळवली, बायकांनी भाताची आधणं उतरवून ठेवली. हैबतीने गोष्ट सांगितली. आलं ऐकू, घातला कुकारा, वाचली पाच माणसं.

"पाचच?" प्रयागबाई म्हणाली. "एवढ्या लांब जाऊन पाचच रे?"

"पाचच, काकी."

"आणि मासा बिसा? मोठा? गलबत गिळणारा?"

"मासा नव्हता."

लोक हिरमुसले. मुंबईने पोराचं वाटोळं केलं असं एकजण म्हणालादेखील. घरी गेल्यावर तुळसाने कपाळाला हात लावला. "अवो, धा तरी सांगायची होतीत. पाच सांगून कुशाबाकाका काय ऐकतायत?"

कुशाबा पाराच्या कडेला बसून सगळं ऐकत होता. दुसऱ्या दिवशी शेताच्या बांधावर त्याने हैबतीला गाठलं आणि पुन्हा गोष्ट सांगायला लावली. पाच. पुढे ओढ्यावर बैल धुताना पुन्हा विचारलं. पाच. गणपती विसर्जनाच्या दिवशी, सगळे गुलालात असताना, त्याने हैबतीच्या कानाशी लागून एकदम विचारलं, "किती रे होते?"

"पाच, काका. किती येळा सांगू?"

पूर्वीचा हैबती कुशाबाला चांगला माहीत होता. ओढ्यात धरलेला खेकडा त्याच्या तोंडी संध्याकाळपर्यंत पाटाएवढा होई. इथे इतके दिवस झाले तरी पाचाचे सहा झाले नव्हते. सहा तर सोडाच, साडेपाचही नाही. कुशाबाने मिशीवरून हात फिरवला. "खोटं असतं तर पाच असतं व्हय?" तो स्वतःशीच म्हणाला. "खोटं बोलाया बसलेला माणूस पाचावर कशाला थांबंल?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तो हैबतीच्या दारात उभा राहिला. "चल सोंडेवर." तुळसा मागोमाग आली, तिच्यामागे वाडी आली. बंदी घातली होती तेव्हा ती कुकाऱ्याने सगळ्या कोंडांना कळवली होती, तेव्हा ती उठवायची तर तशीच उठवायला हवी. कुशाबाने तळवे तोंडाशी धरले. आवाज फाटका, पण दरी ओलांडेल एवढा.

"हैबतीचा कुकारा आजपासनं पुढं घ्याऽऽ! त्यानं समुद्रात पन्नाऽऽस माणसं वाचिवली होऽऽ!"

हैबतीने त्याचा दंड धरला. "काका! पाच! पाच हायेत!"

"ठावं हाय मला," कुशाबा शांतपणे म्हणाला. "पाचासाठी भागोजी बंदी उठिवंल?"

समोरच्या डोंगरावर भागोजी उभा राहिलेला दिसला. नियमाचा पक्का भागोजी, जन्मात ज्याने एक अक्षर वाढवलं नाही, त्याने मान वर केली आणि पुढच्या कोंडाला कुकारा दिला. वारा अनुकूल होता, सगळं स्वच्छ ऐकू आलं. "सडेकोंडच्या जावयानं पाऽऽचशे माणसं वाचिवलीऽऽ!"

हैबती सोंडेच्या टोकाशी धावला. वर्षाहून जास्त काळ गावात मुका असलेला त्याचा आवाज दरीत घुमला, कड्याने तो परत दिला, आणि पुन्हा दिला. "पाऽऽच रे भागोजीऽऽ! नुसते पाऽऽच!"

पलीकडून भागोजी कडाडला, "गप्प बैसऽऽ! हाळी मोडू नकोऽऽ!"

आणि तिसऱ्या कोंडावरून, पोलादपूरच्या बाजूने, पुसट कुकारा उठला. त्यात किती होते ते ऐकू आलं नाही, पण पाच नक्कीच नव्हते. तुळसा पदर तोंडाला लावून हसत होती, तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पलीकडे तिची आई अंगणात येऊन हात हलवत होती. तुळसाचं घर बोलतं झालं होतं.

हैबती मटकन दगडावर बसला. "काका, आता मी समद्यांला काय सांगू? जो तो पाचशेचं विचारील. खरं सांगितलं तर इस्वास कोण ठेवणार?"

"कोण नाय ठेवणार," कुशाबा म्हणाला. "म्हाडच्या बाजारात जाशील, नातेगावाला जाशील, पाचाडाला जाशील, लोक पाया पडतील. तू आपला जन्मभर पाच पाच म्हणत बस." तो हैबतीच्या शेजारी बसला, चंची सोडली, आणि तंबाखूची चिमूट त्याच्या तळहातावर ठेवली. ढवळ्या पडला ती कपार तिथून समोरच दिसत होती.

"पुढं गेलेली हाळी माघारी येत नाय, हैबती," तो म्हणाला. "आता ढवळ्याचं फिटलं."